हिरवा दगड, हिरव्या बांगड्या

एप्रिल आला की आमच्या ऑफिसच्या किचनमध्ये फिजोआ येतात. कुणी आणले ते कुणी सांगत नाही. टेबलावर उघड्या तोंडाची एक पिशवी असते आणि खोलीभर पेरू आणि अननस शेजारी शेजारी ठेवल्यासारखा वास. हिरवं फळ मधोमध कापायचं, चमच्यानं गर खायचा, साल कचऱ्यात टाकायची आणि कामाला लागायचं. ज्याच्या परसात झाड आहे त्याला या दिवसांत फळ आवरत नाही, म्हणून तो आणून ठेवतो. लिंबंवाला लिंबं आणतो. क्राइस्टचर्चमधल्या हॉर्नबीच्या माझ्या घरामागे गवत आहे आणि कपडे वाळत घालायची फिरती छत्री आहे, बस. त्यामुळे मी फिजोआ खातो तो जरा चोरट्यासारखा, दाराकडे पाठ करून.

माझा स्वभावच तसा आहे. रस्त्यात दुसऱ्याची गाडी पंक्चर झालेली दिसली तरी मला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं असणार. वैशाली, माझी बायको, म्हणते, "दिलीप, तुला अपराधी वाटायला कारण लागत नाही, फक्त वेळ लागतो." खरं आहे. पण एका एप्रिलात मला कारण मिळालं होतं, आणि तेव्हा बसलेला धक्का या वासाबरोबर दर वर्षी परत येतो.

इथे एप्रिल म्हणजे पानगळ. तिकडे माझ्या गावी, संगमनेरला, पत्रे तापून कडकड वाजत असतात, आणि इथे पॉप्लरची झाडं पिवळी होऊन रांगेत उभी असतात, सकाळी गाडीच्या काचेवर दव असतं, संध्याकाळी कुणाच्या तरी धुराड्यातून लाकडाचा धूर येतो. तो एप्रिल असाच होता. भूकंपाला तीन वर्षं झाली होती. क्राइस्टचर्च अजून रस्तेकामाच्या नारिंगी शंकूंनी भरलेलं होतं आणि मी जमिनीखालच्या फुटलेल्या गटारांच्या मागे होतो. आई सहा महिन्यांच्या व्हिसावर आली होती. मी दिवसभर ऑफिसात, वैशाली रिकार्टनला दुकानात, ईरा शाळेत. आई खिडकीत बसून रस्त्यावरून जाणारी कुत्री मोजायची. शाळेला सुट्टी लागली तेव्हा मी म्हटलं, चला, हिला देश तरी दाखवू, दक्षिणेला जाऊन येऊ.

हे मी किचनमध्ये बोलत होतो आणि मेरेनं ऐकलं. मेरे आमच्या टीममध्ये नकाशे करते. माओरी, माझ्याच वयाची, आवाज मोठा आणि हसणं त्याहून मोठं. ती म्हणाली, "तिकडेच चाललायस तर मला घेऊन चल. माझी गाडी गॅरेजात आहे. ओमारूच्या खाली, समुद्रावर माझी मावशी राहते. घरचे सगळे बेटांवर निघालेत, मला बांधाबांधीला जायचंय. वाटेत तुम्हाला जुन्या जागा दाखवते. जेवायला आन्टीकडेच."

अशी आमची पाचजणांची गाडी निघाली.

आईविषयी आधी सांगायला हवं. आम्ही कासार. माझ्या लहानपणी आई संगमनेरच्या आसपासच्या गावांतून बांगड्या भरत फिरायची. खांद्यावर दोऱ्यात ओवलेल्या बांगड्या, पायात टायरच्या चपला. पैसे थोड्याच घरांतून मिळायचे. बाकीच्या बायका वर्षभर बांगड्या भरून घ्यायच्या आणि सुगीला आईच्या पोत्यात ज्वारी-बाजरी ओतायच्या. कुणी किती ओतायची हे कुठे लिहिलेलं नव्हतं. आई बाईचा पंजा हातात घ्यायची, अंगठा आत मुडपायची, एकदा दाबायची आणि माप सांगायची: सव्वादोन, अडीच. मग खरी कला. बांगडी हाडापाशी अडते तिथे दुखतं, आणि दुखलं की बाई हात आखडते. अशा वेळी बाईचं लक्ष हातावरून काढायचं. "अगं बया, डोरलं काय सुरेख आहे गं! कुठल्या सोनाराचं? बघू बघू." बाई गळ्याकडे बघते, हात सैल पडतो आणि बांगडी आत जाते. ती स्तुती खोटी नसायची. आईला खरंच वस्तू आवडायच्या. पण तिचा धंदा त्या आवडण्यावर चालायचा.

राकाया नदीचा पूल संपता संपत नाही. पुढे रस्ता फूटपट्टीसारखा सरळ, दोन्हीकडे गाई आणि चाकांवर फिरणारे पाण्याचे लांबच लांब पाइप. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, यांनी मान्सं कुठं ठेवलीत?" ईरानं ते इंग्रजीत सांगितलं. ती मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते, त्यामुळे आमच्या गाडीत दुभाषी तीच. मेरे खदाखदा हसली आणि मग हसणं मध्येच थांबवून म्हणाली, "गुड क्वेश्चन."

टिमारूच्या पुढे आम्ही वायटाकीच्या खोऱ्यात आत वळलो. पिवळं गवत, मग एकाएकी चुनखडीचे पांढरे कडे. रस्त्याला लागूनच एका कड्याच्या पोटात खोबण होती, पुढे कुंपण. मेरेनं चिप्सचं पाकीट गाडीतच ठेवायला लावलं. "इथे खायचं नाही. पवित्र जागा आहे." आईला हे लगेच पटलं. तिनं पायातल्या चपलाही काढल्या.

"नाइस जँडल्स," मेरे चपलांचा इथला शब्द वापरून म्हणाली.

"घे म्हणावं, पन वास येतो," आई म्हणाली.

आत भिंतीवर कोळशानं आणि गेरूनं काढलेल्या आकृत्या होत्या. पक्षी असावा, माणूस असावा, एक लांब वळणदार काहीतरी. डोंगर ओलांडून पाठीवर हिरवा दगड घेऊन येणारी, त्या बदल्यात सुकवलेलं अन्न घेऊन जाणारी माणसं अशा खोबणींत मुक्काम करायची, असं मेरे सांगत होती. लाल रंग कसला, ते आईनं विचारलं. लाल माती, तेलात खललेली. "मग शेंदूरच की," आई म्हणाली आणि तिनं हात जोडले.

मग ईरानं बोट दाखवलं. आकृत्यांच्या मध्ये भिंत चौकोनी खोल गेली होती. कडा सरळ, छिन्नीच्या खुणा स्पष्ट. असे दोन-तीन चौकोन. देवळातली मूर्ती काढून नेल्यावर कोनाडा दिसतो तसे.

"ते तुकडे कापून नेले. फार वर्षांपूर्वी. कुठेतरी काचेच्या पेटीत असतील," मेरे म्हणाली.

"डिड दे आस्क?" ईरानं विचारलं.

"नो, हनी."

मी पाइपांचा माणूस आहे. दगड कापायला किती वेळ लागतो, किती धूळ उडते हे मला माहीत आहे. एखादा माणूस इथे डबा घेऊन आला असेल, दिवसभर ठोकत बसला असेल, मध्ये सावलीत पाव खाल्ला असेल.  निघताना मेरेनं बाटलीतलं पाणी आमच्या हातांवर शिंपडलं. आईनं ते डोळ्यांना लावलं. मी पुढचे कित्येक मैल गाडी चालवत ते चौकोन बघत होतो.

हेनी आन्टीचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मागे एक गवताळ भूशीर समुद्रात घुसलेलं. नीट बघितलं तर त्यावर पायऱ्या पायऱ्या दिसतात, मध्ये खड्डे. एका काळची तटबंदीची वस्ती, इथे त्याला 'पा' म्हणतात. खड्डे रताळी साठवायचे. आता तिथे मेंढ्या चरत होत्या. ओसरीवर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांची उतरंड लागलेली. घरचे लोक दर वर्षी या दिवसांत दक्षिणेच्या बेटांवर जातात, समुद्रपक्ष्यांची पिल्लं धरतात, खारवून बादल्यांत भरतात. पूर्वी बादल्यांऐवजी समुद्री शेवाळाच्या मोठमोठ्या पिशव्या असायच्या, आणि त्या पिशव्या होड्यांतून उत्तरेला जायच्या. तिकडून रताळी यायची, विणलेली वस्त्रं यायची.

"आता?" मी विचारलं.

"आता बादली जाते," आन्टी म्हणाली. "कुणाकडून शिंपले येतात, कुणाकडून हरणाचं मटण. एकजण दर वर्षी माझं छप्पर बघून जातो."

मी मराठीत सांगितल्यावर आईनं जोरात मान हलवली. "हां, सुगीचं." या देशात आल्यापासून तिला पहिल्यांदाच काहीतरी कळण्यासारखं भेटलं होतं.

हेनी आन्टी सत्तरीच्या पुढची, उंच, रुंद, पांढरे केस मागे बांधलेले. काळा स्वेटर आणि त्यावर हिरव्या दगडाची बोटाएवढी सरळ पट्टी. माओरी भाषेत पौनामू. इतका गर्द हिरवा की जवळजवळ काळा, आणि एका कडेला दूध सांडल्यासारखी झाक. जेवायला मासे होते, तळलेली पोळीसारखी भाकरी होती, रताळी होती. आई मासे खात नाही, तिनं रताळी खाल्ली. जेवण झाल्यावर तिनं पिशवीतून कागदाची गुंडाळी काढली आणि मला कळलं काय होणार ते. ज्या घरी ती जेवते त्या घरच्या बाईला बांगड्या भरल्याशिवाय उठत नाही. येताना तिनं कपड्यांपेक्षा काचेच्या हिरव्या बांगड्याच जास्त आणल्या होत्या.

तिनं आन्टीचा हात ओढून मांडीवर घेतला. दाबला. "अडीचच्या वरचा आहे गं तुझा, आन् हाडं सुजलीत. बघू." आन्टीला शब्द कळत नव्हता, पण तिनं हात दिला. पहिली बांगडी अडली. आन्टीच्या कपाळावर आठी आली, आणि आईनं आयुष्यभर जे केलं तेच केलं. गळ्याकडे बघितलं.

"अगं बया! हे काय आहे गं गळ्यात? किती सुंदर! ईरा, सांग तिला, असा हिरवा मी जन्मात बघितला नाही."

ईरानं सांगितलं.

"विचार, कुणाचं आहे? आईचं? आईच्या आईचं? आता गं बाई! तळ्यात बघितल्यावानी वाटतंय. लई सुरेख. लईच सुरेख."

ईरा प्रत्येक वाक्य मन लावून पोचवत होती. बांगड्या एकेक करून आत जात होत्या. टेबलाच्या पलीकडे मेरे कप हातात धरून बसली होती आणि तो कप खाली येत नव्हता. मी ते बघितलं, पण मला अर्थ लागला नाही.

शेवटची बांगडी चढली. आन्टीनं मनगट हलवून आवाज ऐकला. मग दोन्ही हात मानेमागे नेले, गाठ सोडली, उठून आली आणि तो दगड आईच्या गळ्यात बांधला. आपलं नाक आणि कपाळ आईच्या नाकाकपाळाला टेकवलं. दोघी तशाच राहिल्या.

 मेरे उठली, सिंकपाशी गेली, आणि धुतलेले कप पुन्हा धुऊ लागली.

बाहेर गाडीपाशी मी तिला गाठलं. "मेरे, काय झालं?"

"काही नाही. इट्स ऑल गुड."

मी इतकी वर्षं इथे राहतो. 'ऑल गुड' दोन तऱ्हांनी म्हणतात. ही दुसरी तऱ्हा होती.

"सांग."

ती समुद्राकडे बघत म्हणाली, "आमच्या घरात जुन्या माणसांचा रिवाज आहे. तुमच्या अंगावरची वस्तू कुणी मनापासून चांगली म्हटली, पुन्हा पुन्हा म्हटली, तर ती द्यायची."

"आणि तो दगड?"

"माझ्या पणजीचा. मग आजीचा. मग आन्टीचा." तिनं तिथे थांबायला हवं होतं, पण मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. "आन्टीला मुलगी नाही," ती म्हणाली. "मग माझा."



मोटेलवर मी जे बोललो ते आता आठवलं की कानकोंडं व्हायला होतं. माझ्या डोक्यात एकच चित्र होतं: जहाजातून उतरलेली माणसं, काचेचे मणी, आणि त्या मण्यांच्या बदल्यात गेलेल्या टेकड्या. शाळेच्या पुस्तकात वाचलेलं. सकाळी बघितलेले ते चौकोन. आणि संध्याकाळी आपण काय केलं? काचेच्या बांगड्या दिल्या आणि एका घराण्याचा दगड घेऊन आलो. संगमनेरच्या बाजारातल्या बांगड्या!

"आई, ते परत करायचंय."

"दिल्या, मी मागितलं नाही रे." तिचा आवाज बारीक होता. तिचा हात दगडावर होता.

"त्यांच्यात चांगलं म्हटलं की देतात. देणं भागच असतं."

आईनं दगडावरचा हात काढून घेतला. "मी तर गिऱ्हाइकाचं ध्यान काढत होते रे," ती म्हणाली. "सगळ्यांचंच काढते. म्हंजे आजवर ज्यांच्या ज्यांच्या डोरल्याला मी चांगलं म्हटलं..." तिनं वाक्य सोडून दिलं. मग म्हणाली, "पन खोटं न्हवते म्हणत. तो दगड हायेच तसा."

"मी उद्या जाऊन माफी मागतो."

"दिलेलं माघारी नेतोस? तिच्या दारात?"

"तिचा नाइलाज होता, आई!"

वैशाली कॉटवर बसून ईराच्या केसांचा गुंता सोडवत होती. ती म्हणाली, "दिलीप, तू एक काम कर. दोन म्हाताऱ्यांना त्यांचं त्यांना ठरवू दे." मी ऐकलं नाही. अपराधी माणसाला दुसऱ्याचं ऐकू येत नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

सकाळी सगळ्यांना घेऊन परत गेलो.  आन्टी ओसरीवर बादल्यांची झाकणं लावून बघत होती, मनगटावर बांगड्या तशाच. मेरे दोर गुंडाळत होती. मी उभ्या उभ्या माझं भाषण केलं. मेहनतीनं जुळवलेलं इंग्रजी. माझ्या आईला माहीत नव्हतं, गैरसमज झाला, ही वस्तू तुमच्या घराण्याची आहे, आम्हाला तिचं मोल कळतं, आम्हाला फार फार वाईट वाटतं आहे, कृपा करून परत घ्या.

हेनी आन्टीनं हातातलं झाकण खाली ठेवलं.

"तुझ्या आईला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मला माहीत होतं की नाही?"

मी मेरेकडे बघितलं.

"मला माहीत होतं की नाही?"

"होतं."

"मग तू कुणाची माफी मागतोयस? आमच्याकडून काही गेलं की तुम्ही सगळे असेच तोंड पाडून येता. बिचारे. फसले. कळलं नाही त्यांना. मी फसले नाही, मुला. मी दिलं." तिचा आवाज चढला नव्हता, तरी मेरे दोर टाकून सरळ उभी राहिली होती. "ही बाई माझ्या घरी आली, माझा दुखरा हात मांडीवर घेतला, तो दुखू नये म्हणून धडपडली. भिंतीतून कापून नेणारा माणूस आणि ही, तुला दोघं सारखीच दिसतात का?"

मला ती दोघं सारखीच दिसली होती. माझ्याच आईत मला तो छिन्नीवाला दिसला होता. आणि आन्टीत, एक म्हातारी जिला आपल्या गळ्यातल्या वस्तूची किंमत कळत नाही. रात्रभर तळमळत मी स्वतःला सज्जन समजत होतो. असा सणसणीत फटका मला कुणी कधी मारला नाही, ना आधी ना नंतर.

ईरानं आजीच्या कानाशी लागून सगळं मराठीत सांगितलं, अडखळत; ती इतकं मराठी बोललेली मला तेवढ्याच वेळी आठवते. आई पुढे झाली.  आन्टीचं मनगट धरून बांगड्या एकदा फिरवून बघितल्या, कुठे टोचत नाहीत ना. मग आम्ही निघालो. मेरेनं हात हलवला. तिच्या चेहऱ्याकडे बघायचं मी टाळलं.

व्हिसा संपला आणि आई तो दगड गळ्यात घालून संगमनेरला गेली.

दिवस गेले तसे गेले. शंकू कमी झाले, इमारती उभ्या राहिल्या. ईरा उंच झाली, आता आजीशी फोनवर बोलताना तिच्या वाक्यात मराठीचा एखादाच शब्द येतो. हेनी आन्टीचे गुडघे गेले, बेटांवरचं जाणं थांबलं, आणि घरच्या कार्यात पाहुण्यांचं स्वागत करायला तिच्या जागी मेरे उभी राहू लागली. त्याचे फोटो मेरे ऑफिसात दाखवायची. काळा पोशाख, कानात हिरवं, गळा मोकळा. मी फोटो बघून "छान" म्हणायचो आणि पटकन फोन तिच्या हातात परत द्यायचो. आम्ही त्या दगडाविषयी पुन्हा बोललो नाही. किचनमध्ये, गाडीत, रस्ता खणून ठेवलेल्या खड्ड्याच्या काठावर, कुठेच नाही. आणि व्हिडिओवर आई दिसायची ती कायम पदर गळ्याशी गच्च गुंडाळलेली. मला वाटायचं, चोरांची भीती.

मग गेल्या वर्षीच्या एप्रिलात आईचा फोन आला. छातीत जड वाटत होतं म्हणून दवाखान्यात गेली होती. काही नाही, ॲसिडिटी. मी सुटकेचा श्वास घेतला तेव्हा ती म्हणाली, "दिल्या, ते हिरवं दिलं मी."

"काय दिलं?"

"कार्डाग्राम काढायला पदर काढावा लागला. नर्स होती, चुनचुनीत पोरगी. म्हनाली, आजी, किती सुंदर आहे हो. मी गप बसले. तिनं वायरी लावल्या आन् पुन्हा म्हनाली. मी डोळे मिटून घेतले रे. जाताना तिसऱ्यांदा म्हनाली." मग म्हणाली, "चार वर्सं झाकून हिंडले. लग्नात, हळदीकुंकवात. कुनी बघू नये, कुनी चांगलं म्हणू नये. पन आता म्हनाली ना ती."

"आणि तिनं घेतलं?"

"नकोच म्हनत होती. सगळं सांगितलं, आन्टीचं, तुझं भाषन, सगळं. रडली पोरगी. मग बांधलं गळ्यात."

 आम्ही सगळे शिकलेले, रिवाज समजून घेतले, त्यांचं कौतुक केलं, मान डोलावल्या. पाळला तो एकट्या आईनं.

मेरेला सांगायलाच हवं होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत किचनमध्ये आम्ही दोघंच होतो. टेबलावर फिजोआंची पिशवी. मी सांगितलं. संगमनेर, दवाखाना, नर्स. मेरेचा चमचा फळात तसाच उभा राहिला.

"नर्स," ती म्हणाली.

"आय ॲम सो सॉरी, मेरे."

"इट वॉज माइन!"

ती ओरडली. बाहेरच्या खोलीतली टाइपिंगची टकटक थांबली. "मला लहानपणापासून शिकवलं," ती म्हणाली, "आन्टीच्या वस्तूंना चांगलं म्हणायचं नाही. म्हणजे मागितल्यासारखं होतं. अख्खं आयुष्य मी त्या दगडाकडे बघायचंसुद्धा टाळलं. किती सुंदर होता तो! मी एकदा, एकदाही तोंडातून काढलं नाही. आणि तुझी आई एका दुपारी येते आणि..." तिनं तळहातानं डोळे पुसले. "लाव तिला फोन."

"आत्ता? तिथे पहाट आहे."

"लाव."

आई उठलेली होती, मागे स्टोव्हवर चहा. मेरेला बघून हरखली, मग तिचा चेहरा बघून तिनं फोन जवळ धरला. मी मेरेचं सगळं बोलणं मराठीत सांगितलं. या वेळी एक अक्षर गाळलं नाही, मऊ केलं नाही, माझ्या पदरची माफी घातली नाही. आई लक्ष देऊन ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं स्टोव्ह बंद केला.

"म्हंजे घरच्या मानसापाशी तिला चांगलं म्हणता येत न्हवतं."

"नाही."

"मग आता कुठं ते घरात आहे? परक्या पोरीच्या गळ्यात आहे. ये म्हणावं हिकडं. मी नेते दवाखान्यात. बघ म्हणावं डोळे भरून, आन् मोकळ्या तोंडानं चांगलं म्हण. त्या पोरीला मी नेम सांगूनच दिलंय."

मी सांगितलं. मेरेनं फळातला चमचा काढून बाजूला ठेवला. बाहेर टाइपिंग पुन्हा सुरू झालं. मग तिनं नाक ओढलं आणि विचारलं, "हाउ डू आय से इट? तुझ्या भाषेत."

"छान आहे," मी म्हटलं.

"नुसतं छान?" फोनमधून आई कडाडली. "नुसत्या छाननं मुंगीपण हलत न्हाई. लई छान म्हणायला शिकव. आन् हात धरून म्हणायचं, लांबून न्हाई."

"लाय छान आहे," मेरे म्हणाली.

"पुन्हा."

मेरेनं टेबलावरचा माझा हात ओढून घेतला. तिच्या बोटांना फिजोआचा चिकटपणा होता. समोर सराव करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तिनं माझ्या गळ्यातल्या ऑफिसच्या ओळखपत्रावर नजर लावली, त्या प्लॅस्टिकच्या चौकोनाकडे जन्मभर न बघितल्यासारखं बघितलं, आणि म्हणाली, "लई छान आहे. लई छान."

आणि काय करतोय हे कळायच्या आत मी ते गळ्यातून काढून तिच्या हातात ठेवलं.